बिनतारी जागले आणि त्यांची शिदोरी

(अकोला येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ज्ञातीतील एक कन्या गेली तीन वर्षे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पीएच.डी.करिता संशोधन करीत आहे. बिनतारी संवेदकांच्या जाळ्यात ऊर्जेची बचत कशी करावी, हा तिचा विषय. तिच्या वडिलांस भेटणारा प्रत्येक जण 'मुलीचे शिक्षण अजून संपले नाही काय?' असे विचारतो. मंडळाच्या शिक्षणनिधीचे साहाय्य पदवीबरोबरच थांबते. आता काम सोडून लग्न करावे, असा घरी आग्रह सुरू झाला आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेले; परंतु दोन दिवस तिच्याजवळ बसून जे समजून घेतले, ते आपणापुढे ठेवीत आहो.

संवेदक म्हणजे मातीतील ओल, हवेतील दमटपणा, पानांवरील ओलावा मोजून बिनतारी लहरींनी कळविणारी लहानशी पेटी. शेतातील जागल्याच म्हणा ना! या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी नाशिकच्या सुला द्राक्षबागेत अशा पेट्या लावल्या होत्या. पाने किती वेळ ओली राहिली हे कळले, तर रोग केव्हा पडेल याचा अंदाज येतो व फवारणी वेळेवर होते. द्राक्षबागेत मांडव तरी असतो. आपल्या पऱ्हाटीत तार टाकावी, तर डवऱ्याच्या पहिल्याच फेरीत ती तुटावयाची. उरलेली रोही आणि रानडुकरे पाहून घेतील. म्हणून प्रत्येक पेटीने आपली शिदोरी आपल्याजवळ बाळगावी लागते. ती शिदोरी म्हणजे भिंतीवरील घड्याळात घालतो तसे दोन सेल.

घड्याळात सेल वर्षभर पुरतो. पेटीचे लहरीयंत्र अखंड चालू ठेवले, तर तो आठवडाभरही टिकत नाही. या कामी पुष्कळ वापरल्या गेलेल्या सीसी 2420 या चिपला संदेश धाडताना 17.4 मिलिअँपिअर वीज लागते आणि नुसते ऐकत राहण्यास 18.8! ऐकणे बोलण्याहून कठीण, हे आम्हां शिक्षकांस वर्गात केव्हाच कळले होते. तेव्हा पेटीने बहुतेक वेळ निजावे आणि ठरल्या क्षणी जागे व्हावे, ही पहिली युक्ती. दुसरी अशी की, बोलण्यापेक्षा विचार स्वस्त पडतो. एक हजार बिटांचा संदेश शंभर मीटर धाडण्याच्या खर्चात यंत्राकडून सुमारे 30 लक्ष आज्ञांचे गणित करून घेता येते, असा हिशेब 2000 साली मांडला गेला. म्हणून जागच्या जागी गणित करावे आणि सार तेवढे कळवावे.

खरी मौज अंतराची आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीमध्ये वेंडी हाइन्झेलमन या विद्यार्थिनीने अनंत चंद्रकासन व हरी बालकृष्णन यांच्यासमवेत 'लीच' नावाची पद्धती प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबात एक बिट दहा मीटर धाडण्यास 60 नॅनोज्यूल लागतात, तर शंभर मीटर धाडण्यास 1050. अंतर दसपट, खर्च सतरापटीहून अधिक! म्हणून शेजारच्या पेट्यांनी एक मुखिया निवडावा, सर्वांनी त्याला सांगावे आणि त्याने सर्वांचे सार दूरच्या केंद्रास कळवावे. पण मुखिया कायमचा ठेवला, तर त्याचेच सेल आधी संपावयाचे. यास्तव मुखियापण पाळीपाळीने फिरते. निवडणूक घेण्यास कोणी अधिकारी नसतो. प्रत्येक पेटी मनाशीच चिठ्ठी टाकते आणि जिची पाळी होऊन गेली ती इतरांची होईपर्यंत बाजूस राहते. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीविषयी आम्ही येथे काही बोलत नाही.

या पद्धतीत एक उणीव राहिली. मुखिया होणाऱ्याच्या सेलांत किती जीव उरला आहे, हे चिठ्ठी पाहत नाही. पुढे जगभरच्या संशोधकांनी त्यावर निरनिराळे उपाय काढले. आपली कन्याही त्याच वाटेवर आहे. तिने आणखी एक गोष्ट विचारात घेतली आहे. जूनमध्ये शेत उघडे असते, तर सप्टेंबरात पऱ्हाटी कमरेपर्यंत येते. पाण्याने भरलेली ओली पाने या लहरी गिळतात. पेट्यांतील अंतर तेच राहते, पण खर्च वाढतो. तेव्हा अंतरावर बसविलेले गणित पावसाळ्याच्या मध्यावर चुकू लागते.

आता, 'इतकी वर्षे कशास?' याचे उत्तर. संगणकावर अशा हजारो फेऱ्या एका रात्रीत पाहता येतात. मात्र खरीप वर्षातून एकदाच येतो. एका हंगामात सापडलेली चूक दुरुस्त केली, की ती दुरुस्ती तपासण्यास पुढच्या मृगाची वाट पाहावी लागते. याच अकोल्यात 1969 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. नवे वाण शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी कित्येक हंगाम पाहावे लागतात, हे आपल्यातील कास्तकारांस आम्ही सांगावयास नको. वाणास जी सवड आपण देतो, ती पोरीस का देऊ नये?

तिला अजून दोन खरीप हवे आहेत. शिक्षणनिधीच्या नियमातील 'पदवीपर्यंत' हा शब्द काढून तेथे 'पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत' असे घालावे, हा ठराव आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. त्यास आमचे अनुमोदन आहे. तिचे आईवडील या सभागृहात मागच्या रांगेत बसले आहेत; जेवणाच्या वेळी त्यांना लग्नाची तारीख न विचारता शेतात पेट्या किती लावल्या ते विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.