कडेवरचं भावंड



बालशिक्षण परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं डहाणू तालुक्यात मनःपूर्वक स्वागत करते.

या भूमीला बालशिक्षणाची ओढ जुनी आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी इथल्या बोर्डी गावात ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र उघडलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहाच महिन्यांत वैधव्य आलं. एका रूढीने त्यांचं बालपण हिरावलं. शिक्षणाने त्यांना उभं केलं आणि हजारो मुलांची ताई बनवलं.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुली शाळेत यायच्या त्या कडेवर धाकटं भावंड घेऊन. भावंड रडलं की मुलगी उठून जायची. मुलीला बोल न लावता ताराबाई आणि अनुताईंनी शाळेची मांडणीच बदलली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हं पाळण्यात निजलं आणि ताईच्या हातात पाटी आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर गेली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच शिकण्याची साधनं झाली.

मित्रहो, वय निसर्ग वाढवतो. बालपण मात्र समाजाला राखावं लागतं. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, अंगणवाडी देशभर पोचली. शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेची हमी दिली. पण दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. तिथे आई विटा थापते आणि आठ वर्षांची मुलगी पुन्हा भावंडाला कडेवर घेते. त्या क्षणी तिचं बालपण संपतं. चौदा वर्षं पूर्ण झाली की कायद्याची हमी संपते आणि लग्नाचं बोलणं सुरू होतं. हे तुटलेले सांधे कसे जुळवायचे, याचा विचार परिषदेच्या या दोन दिवसांत व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या पाहुणचारात काही उणं राहिलं तर घरचं समजून सांभाळून घ्या. आणि परतताना त्या मुलीच्या कडेवरचं ओझं कोण उचलणार, याचं उत्तर आम्हाला देऊन जा.