कोरड व अतिवृष्टि यांचा संबंध

(पुसेगांव येथील सभेंत दुष्काळ-निवारण कार्यासाठीं केलेलें भाषण)



आपणांपैकीं कित्येक व्यापारी व जमीनदार मंडळी विचारतात कीं, ज्या मुलखांत कयाधूस पूर येऊन सोयाबीन कुजतें, तेथें दुष्काळाची वर्गणी कशाकरितां? प्रश्न रास्त आहे. व त्याचें उत्तर दिल्यावांचून मदत मागणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

१९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणांत आहे. त्या वेळीं शत्रु एकच होता. आतां २०२३ चा ऑगस्ट पाहा: १९०१ पासून भारतांत इतका कोरडा ऑगस्ट नोंदला गेला नव्हता. त्याच नोव्हेंबरांत महाराष्ट्रांत गारा पडल्या, आणि २०२४ च्या सप्टेंबराच्या आरंभीं ह्याच हिंगोली जिल्ह्यांत उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं.

ह्या आपत्ति परस्परांस परक्या नाहींत. हवा एक अंश सेल्सिअसनें तापली म्हणजे ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून ती जमिनीचा ओलावा अधिक ओढून घेते; आणि तेंच बाष्प पुढें एकदम सुटलें म्हणजे आठवड्यांचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं, १९५० ते २०१५ ह्या काळांत मध्य भारतांतील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या. एकंदर पाऊस मात्र घटत गेला. म्हणजे खातें तुटीचें, आणि उचल एकरकमी! व्यापाऱ्यांस ह्याहून अधिक सांगणें नको.

दूरचा दाखला घ्यावयाचा तर ॲमेझॉनच्या वर्षावनाचा घ्या. २००५ सालीं उत्तर अटलांटिक समुद्र फार तापला. त्यामुळें त्या अरण्याच्या नैर्ऋत्य भागाचा पाऊस हटला, नद्या आटल्या. आणि त्याच तापलेल्या पाण्यावर पोसलेल्या कतरिना वादळानें अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहर बुडविलें. अरण्य पाऊस पितें तसें तो परतहि देतें. आपल्या सह्याद्रीच्या झाडींतून उडालेलें बाष्प तामिळनाडूच्या पावसास हातभार लावतें, हें मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनीं २०१८ सालीं मांडलें आहे. आपल्या माळावरचीं सागवानें त्या मानानें थोडीं, पण तीं राखण्याजोगीं आहेत खास.

आतां मागणें. काळी जमीन पहिला पाऊस भेगांतून पिते, पण एकदां फुगली म्हणजे पाणी वरचेवर वाहून जातें. तें अडविण्यास गांवतळ्यांतील गाळ जून उजाडण्यापूर्वीं निघाला पाहिजे. जमीनदारांनीं तो आपल्या शेतीं स्वखर्चानें न्यावा. कोरडीनें वा पुरानें पेरणी बुडाली कीं लहान कुणब्यास दुबार बियाणें उधार मिळत नाहीं. तो बैलजोडी पडेल भावानें विकतो, आणि दिवाळीनंतर त्याचें कुटुंब ऊसतोडीस जातें. बैल गेले कीं पुढील साल आपोआप गेलें. म्हणून आडत्यांनीं बियाणें खरेदीच्या भावानें समितीस द्यावें, आणि ज्यांच्या गंजींत कडबा आहे त्यांनीं कांहीं पेंढ्या वैरणीच्या कोठारास द्याव्या. रोकड नसेल त्यांची गाडी, ट्रॅक्टर किंवा चार दिवसांचे श्रमहि चालतील.

आंकडे सभा संपल्यावर चिटणिसांकडे नोंदवावे. पावती जागेवरच मिळेल, व जमाखर्च पुढील अहवालांत दात्यांच्या नांवांसह छापला जाईल.