'कॅच अ फायर' : एका ध्वनिमुद्रिकेचीं दोन रूपें



आगरी घरच्या लग्नांत धवलारीण धवले गाते, तेव्हां परक्याला तें गाणें आवडेल कीं नाहीं, ही चिंता तिला नसते. तेंच गाणें मुद्रित होऊन दूरच्या बाजारांत जावयाचें ठरलें, म्हणजे त्याला कोणता पोशाख चढवावा, हा विचार सुरू होतो. या पोशाखाची किंमत काय पडते, हें आज जमैका बेटाच्या एका उदाहरणावरून पाहूं.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें 'रेगे' संगीत उदयास आलें. त्यांत गिटारीचा आघात मात्रांच्या मधल्या जागेवर पडतो, आणि खालीं बास गिटारीचा भारदस्त स्वर संथपणें चालत राहतो. बॉब मार्ले, पीटर टॉश व बनी लिव्हिंग्स्टन यांचा 'वेलर्स' हा संघ बेटावर लोकप्रिय होता. बाहेर त्याला फारसें कोणी ओळखत नसे. १९७२ सालीं लंडनमध्यें द्रव्याच्या अडचणींत असतां आयलंड कंपनीचे क्रिस ब्लॅकवेल यांनीं त्यांना ४,००० पौंड आगाऊ दिले. किंग्स्टनला परतून त्यांनीं गाणीं मुद्रित केलीं व मार्ले त्या ध्वनिफिती घेऊन पुन्हां लंडनला गेले.

ब्लॅकवेल यांची दृष्टि रॉक संगीताच्या पाश्चात्त्य श्रोत्यावर होती. त्यांनीं वेन पर्किन्स यांची गिटार आणि जॉन बंड्रिक यांचें ऑर्गनवादन वरून भरलें. हे दोघेही अमेरिकन. बासचा भार हलका केला, दोन गाणीं वगळलीं. पहिल्या प्रतींचें वेष्टन तर लायटरसारखें उघडणारें होतें.

एप्रिल १९७३ मध्यें 'कॅच अ फायर' प्रसिद्ध झाली. समीक्षकांनीं तिचें मनःपूर्वक स्वागत केलें. ग्राहकांनीं मात्र घाई केली नाहीं. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादींत ती १७१ व्या स्थानापुढें गेली नाहीं. तरीहि रेगे हें क्षणिक गंमतीचें गाणें नसून सलग ऐकण्याजोगी, विचार करावयास लावणारी कृति होऊं शकते, हें तिनें जगाला पटविलें.

पोशाख बदलला तरी आशय बदलला नव्हता. गुलामगिरीची आठवण आणि शहरी दारिद्र्य हेच तिचे विषय. 'कॉंक्रीट जंगल' हें पहिल्या गाण्याचें नांव तर कोपरखैरण्याच्या श्रोत्यांना उगीच परकें वाटणार नाहीं. १९७० नंतर सिडकोनें नव्या शहरासाठीं ज्या गांवांच्या जमिनी घेतल्या, त्यांत हें गांवहि होतें.

किंमत मात्र संघाला मोजावी लागली. नंतरच्या वेष्टनावर एकट्या मार्ले यांचें छायाचित्र आलें, आणि १९७४ पर्यंत बनी व टॉश दोघेही वेगळे झाले.

सुदैवानें मूळच्या फिती टिकल्या. २००१ सालीं जमैकन रूप लंडनच्या रूपासह प्रसिद्ध झालें. तें अधिक रोखठोक आहे. लंडनचें अधिक झळाळतें. कोणतें श्रेष्ठ, याविषयीं रसिकांत मतभेद राहणारच. परंतु दोन्ही हातीं असल्यामुळेंच हा वाद घालतां येतो.

म्हणून आपल्या धवल्यांना कोणी खुशाल नवीं वाद्यें जोडावींत. तत्पूर्वीं धवलारणीचा साधा, विनासाथीचा आवाज एकदां मुद्रित करून जपून ठेवावा, एवढीच विनंति.