घाईत ढकललेलं प्यादं

आजचा भाग एंडगेमवर आहे. वजीर गेले, घोडे गेले, पटावर चार-पाच मोहरे उरलेत आणि आपल्याला वाटतं, आता काय, झालंच. नेमकं तिथेच सगळं जातं.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जागतिक विजेतेपदाचा १४वा डाव. गुकेश आणि डिंग लिरेन साडेसहा-साडेसहा. गुकेशकडे काळे मोहरे आणि एक प्यादं जास्त. पण दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, त्यामुळे बघणारे बहुतेक सगळे बरोबरी धरून बसले होते. मीसुद्धा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन टेबलाखाली धरून बघत होतो (मॅनेजर हा पॉडकास्ट ऐकत नाही, बहुतेक).

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. दिसायला साधी चाल. गडबड उंटात होती. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट असते. हत्ती गेल्यावर गुकेशने त्याच वाटेवर, डी५ वर, आपला उंट ठेवला, मागे राजाचा आधार. आता उंटही जाणार, आणि मग फक्त राजे आणि प्यादी. तिथे ते एक जादा प्यादं म्हणजे सरळ विजय. ५८व्या चालीला डिंगने डाव सोडला.

मला आवडणारी गोष्ट पुढची आहे. गुकेशने नंतर सांगितलं की ती चूक त्याला लगेच दिसलीच नव्हती, तो दुसरीच चाल खेळणार होता. म्हणजे तास न् तास कुरतडत बसलेला माणूसही चाल हातात आल्यावर पुन्हा एकदा बघतो, तेव्हा कुठे सापडते.

आता माझं ऐका. हसू नका. रात्री एक वाजता, मोबाइलवर, दहा मिनिटांचा डाव. माझा राजा आणि एक प्यादं, समोर नुसता राजा. प्यादं ई२ वर. मी काय केलं? "पुढे जाऊ दे" म्हणून प्यादं ई३ वर ढकललं. दोन-तीन चालींनी माझा राजा ई४ वर, त्याचा ई६ वर, समोरासमोर, आणि चाल माझी! अशा वेळी ज्याला हलावं लागतं तो हरतो, किंवा जिंकता जिंकता बरोबरीत अडकतो. प्यादं अजून ई२ वर असतं, तर आत्ता ई३ खेळून चाल त्याच्या गळ्यात घातली असती. त्याला बाजूला व्हावंच लागलं असतं. माझी ती सुटी चाल मी आधीच उधळली होती.

तरी खेळत राहिलो. प्यादं ई७ पर्यंत गेलं, त्याचा राजा ई८ वर. प्यादं सोडायचं नाही तर ई६ ही एकच चाल, आणि ती खेळली की स्टेलमेट. समोरच्याने वर एक हसरा इमोजी पाठवला.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये तीच पोझिशन लावली, चाळीसेक वेळा. इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू असलं की आपण नुसता आकडा बघतो, पट बघत नाही. तुम्हीही आज लावा: पांढरा राजा ई४, प्यादं ई२, काळा राजा ई६, चाल पांढऱ्याची. जिंकून दाखवा, मग प्यादं ई३ वर ठेवून पुन्हा बघा काय होतं ते.

पुढच्या भागात हत्ती आणि एक प्यादं. तिथल्या माझ्या चुका जास्त आहेत, भाग लांबेल.