मानेतली गाठ आणि खांद्याची नस

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे घरोघरी ठाऊक असतं. दात किडला, घसा आला की मानेतही गाठ सुजते आणि आपोआप ओसरते. दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर मात्र दाखवायला हवी.

आपल्याकडे अशा गाठीमागे पुष्कळदा क्षय निघतो. जुनी माणसं त्याला गंडमाळ म्हणतात. सहसा बारीक सुईनं पेशी काढून निदान होतं. 'सुई लावली की गाठ पसरते' म्हणून लोक घाबरतात. त्या भीतीपायी महिने घालवू नका. क्षयाची औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात आणि आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपयेही.

तंबाखू, मावा खाणाऱ्यांची, मिश्री लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मानेत टणक गाठ आली तर आधी तोंड, जीभ, घसा नीट तपासायचा. मूळ कर्करोग बऱ्याचदा तिथं असतो. थेट गाठच कापली, तर पुढची मोठी शस्त्रक्रिया अवघड होते.

सुईनं उलगडा झाला नाही, किंवा लिम्फोमाची, म्हणजे गाठींच्याच कर्करोगाची, शंका असली, की अख्खी गाठ काढावी लागते. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, एवढीशी तर गाठ!" मला हे 'एवढीशी' पटत नाही. मानेच्या बाजूला, कानामागून खांद्याकडे जाणारी एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते आणि गाठी तिला चिकटून असतात. ती दुखावली, तर रुग्ण टेबलावरून हसत उठतो. टाके निघाल्यावर कळतं, की खांदा खाली आलाय, हात बाजूनं वर जात नाही. बाईला वेणी घालता येत नाही, तालमीतल्या पोराची कुस्ती थांबते. तेव्हा सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, 'खांद्याची नस जवळ आहे का?' चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही. नंतर खांदा उतरलेला दिसला, तर 'टाक्यांचं दुखणं' म्हणून बसू नका. नस तुटली असेल तर ती जोडता येते, पण पहिल्या काही महिन्यांत.

आणखी एक. काढलेली गाठ लॅबला न्यायची बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात येते. सगळी गाठ फॉर्मालिनमध्ये गेली, की क्षयाचे जंतू मरतात आणि ते वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते पाहता येत नाही. म्हणून क्षयाची शंका असेल तर एक तुकडा सलाइनच्या वेगळ्या बाटलीत मागून घ्या आणि ती त्याच दिवशी पोचवा.