हेगचा स्टे आणि कुलभूषण जाधव

नेसरीतनं बोलतोय. आजचा प्रश्न सरळ आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाकडं ना पोलीस, ना तुरुंग. मग त्याच्या स्टेला विचारतंय कोण?

कुलभूषण जाधव आठवतात ना? नौदलाचे निवृत्त अधिकारी, जन्म आपल्या शेजारच्या सांगलीचा. १० एप्रिल २०१७ ला पाकिस्ताननं त्यांची फाशी जाहीर केली. तिथं स्वतः कैद्याला जाता येत नाही, देशालाच जावं लागतं. भारत ८ मेला गेला. १८ मेला आदेश आला, निकालापर्यंत फाशी नको. दहा दिवसांत! आणि फाशी थांबली.

१९९९ मध्ये वॉल्टर लाग्रांड या जर्मन कैद्यासाठीही असाच आदेश निघाला होता. अमेरिकेत ॲरिझोनानं त्याच दिवशी त्याला मारलं. जर्मनीनं मात्र केस सोडली नाही, आणि २००१ मध्ये कोर्टानं ठरवलं की असे आदेश बंधनकारकच आहेत. जाधवांच्या आदेशात याच निकालाचा आधार घेतलाय.

आता 'आपण जिंकलो' म्हणणाऱ्यांसाठी. आमच्या भाषेत स्टे म्हणजे पॉज, डिलीट नव्हे. २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी कोर्ट म्हणालं, भारतीय वकिलातीला भेटू दिलं नाही हे चूक, शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी नाही. शिक्षा रद्द केली नाही, सुटकाही दिली नाही. जाधव अजून तिकडंच तुरुंगात आहेत.