हर्णैचे टोक आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. पण विषय मात्र माझ्या आवडीचा दिला, म्हणून उभी राहिले. गेल्या हिवाळ्यात आपण एकोणीस जणी दापोली तालुक्यातील हर्णै बंदरी जाऊन आलो. तेथे समुद्रात घुसलेले कनकदुर्गाचे टोक आणि त्याच्या समोर बेटावर उभा असलेला सुवर्णदुर्ग आपण पाहिला. ज्यांना येता आले नाही त्यांना ती हकीकत कळावी, एवढाच माझा हेतू आहे.

सहल ठरली तेव्हा घरोघरी एकच प्रश्न निघाला, "तेथे देव कोणता?" आपण बायका आळंदीला जातो, जेजुरीला जातो, मोरगावला जातो, पण नुसते पाहावयास म्हणून कोठे जावयाचे, हे घरच्यांस पटत नाही. समुद्रातला दगडी किल्ला पाहून तुम्हांला काय करावयाचे आहे, असे आमच्याकडेही विचारून झाले. अखेर कोणीतरी हर्णैजवळच अंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे असे शोधून काढले, आणि भराभर परवानग्या मिळाल्या. गणपतीचे दर्शन आपण दुसऱ्या दिवशी घेतले. देऊळ फार सुंदर आहे.

आकुर्डीहून रात्री दहाला गाडी निघाली. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, आणि मग मंडणगडची वळणे. त्या वळणांविषयी मी काही बोलत नाही, ज्या मागच्या बाकावर बसल्या होत्या त्यांना विचारावे. पहाटे दापोलीला चहा झाला आणि उजाडता उजाडता हर्णै आले.

समुद्रावर गेल्यावर पहिली गोष्ट विचारावयाची ती भरती-ओहोटीची. आपल्याकडे पवनेला पूर येतो तो धरणातून पाणी सोडले म्हणजे. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि ते चंद्राच्या ओढीने. कोकणातल्या माणसांचा याचा एक सोपा हिशेब आहे, तो मला फार आवडला. आजची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाणी सर्वांत जास्त चढते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, त्यास भांग. संकष्टी कधी, एकादशी कधी, हे आपणांस झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. म्हणजे समुद्राचे घड्याळ आपल्या हाती निम्मे होतेच की! आपण गेलो त्या दिवशी अष्टमीच होती. दुपारी पाणी उतरेल असे मी हिशेबाने सांगितले आणि ते उतरले, तेव्हा होडीवाल्या दादांनीसुद्धा माझ्याकडे वळून पाहिले.

हर्णैच्या किनाऱ्यावर तीन लहान किल्ले आहेत, गोवा किल्ला, फत्तेगड आणि कनकदुर्ग. समोर पाण्यात चौथा आणि मोठा सुवर्णदुर्ग. या तिघांनी जमिनीकडून त्याची पाठ राखावयाची, अशी ती रचना. कनकदुर्ग म्हणजे काळ्या खडकाचे एक टोकच आहे, तिन्ही बाजूंना पाणी. किल्ला म्हणावे असे आता थोडेच उरले आहे. एक काळा बुरूज, पाण्याची खोदलेली टाकी, आणि माथ्यावर दीपगृह. पायऱ्या चढून वर गेले की वारा पदर धरू देत नाही. एकीकडे बंदरातल्या होड्यांची निशाणे फडफडत असतात, आणि समोर सुवर्णदुर्ग पाण्यावर बसलेला दिसतो.

दुपारी ओहोटीला खालचे खडक उघडे पडले. त्यांवर कालवे चिकटलेली असतात, त्यांची धार सुरीसारखी. दोघीतिघींना तेथे उभे राहून फोटो काढावयाचा होता. खडकावर शेवाळ, आणि चपला आपल्या बाजारात जावयाच्या. एक कोळीणबाई कालवे फोडीत बसली होती. तिने न उठताच हाक मारली, "ताई, ओल्या काळ्या दगडावर पाय देऊ नका, पांढऱ्या खरखरीत दगडावर द्या." तो एक धडा मी घेऊन आले. खरखरीत ते टोचते, पण धरून ठेवते.

सुवर्णदुर्गाला आपण सकाळीच जाऊन आलो होतो. होडीने पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेथे धक्का नव्हता. होडी वाळूजवळ उभी राहते आणि गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. आपल्यातल्या अडुसष्ट वर्षांच्या काकूंनी नऊवारीचा काचा मारला आणि सर्वांच्या आधी उडी टाकली. आम्ही पाचवारीवाल्या मागे चोळामोळा होत होतो.

चाकणचा संग्रामदुर्ग आपल्या दाराशी आहे. १६६० साली तेथे फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेला सुमारे दोन महिने रोखून धरले. त्या भुईकोटाभोवती माणसांनी खंदक खणला होता. येथे खंदक खणावा लागला नाही, अरबी समुद्र आहेच. तटाचा खालचा भाग बेटाचा खडक तासूनच काढलेला आहे आणि त्यावर मोठमोठे चिरे बसविले आहेत. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या आड लपविलेला आहे. उंबऱ्याशी पायरीवर कासव कोरलेले आहे आणि बाजूच्या भिंतीवर मारुती. आत पाण्याच्या जागा, पडक्या वाड्यांची जोती आणि डोक्याएवढे गवत व झुडपे. समुद्राच्या बाजूला चोरदरवाजा आहे. २०२५ सालच्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांत आपला लोहगड आहे, शिवनेरी आहे, आणि हा सुवर्णदुर्गही आहे.

आता इतिहास. चौथीच्या पुस्तकात शिवाजीमहाराज होते, ते मी मनापासून वाचले. महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला आणि तो बळकट केला. कान्होजी आंग्र्यांचे नाव येथूनच वर आले. परंतु त्यांच्यामागून येथे काय झाले, ते मला या सहलीपर्यंत कोणी सांगितले नव्हते. आपल्या मंडळातल्या एकीची मुलगी महाविद्यालयात इतिहास शिकते, ती आपल्याबरोबर होती. चोरदरवाजाच्या सावलीत बसून तिने ते सांगितले.

कान्होजी १७२९ साली वारले. पुढे त्यांचा मुलगा तुळाजी याच्याकडे हे आरमार आले. तुळाजीचे आणि नानासाहेब पेशव्यांचे पटेना. तुळाजीही काही साधा माणूस नव्हता, हे मान्य. पण भाऊबंदकीचे भांडण मोडावयास पेशव्यांनी कोणास बोलाविले? मुंबईच्या इंग्रजांस! १७५५ च्या मार्चमध्ये तसा करार झाला. कमोडोर जेम्स नावाचा इंग्रज अधिकारी चव्वेचाळीस तोफांचे 'प्रोटेक्टर' जहाज आणि आणखी काही गलबते घेऊन निघाला. २ एप्रिलला त्याने सुवर्णदुर्गावर तोफा डागावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशी समुद्राच्या बाजूने. तो तट दाद देईना. दुसऱ्या दिवशी तो किनारा आणि बेट यांच्या मधल्या पाण्यात शिरला आणि अगदी जवळून मारा केला. एक गोळा गवती छपरावर फुटला. एप्रिलचे दिवस, गवत वाळून कोळ झालेले. आग पसरली आणि दारूगोळ्याचे कोठार उडाले. थोड्याच दिवसांत चारही किल्ले पडले. पुढे करारानुसार सुवर्णदुर्ग पेशव्यांस मिळाला, म्हणून पुण्यास आनंद झाला असेल. दुसऱ्याच वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गाच्या धक्क्याशी आंग्र्यांचे आरमार जळाले. ज्या समुद्रावर इंग्रज आपणांस भीत होते, तेथे भिण्यासारखे कोणी उरले नाही. आणि १८०२ साली दुसरा बाजीराव होळकरांच्या भीतीने पळाला, तो आसऱ्यासाठी याच सुवर्णदुर्गावर आला, आणि तेथून पुढे वसईस इंग्रजांकडे गेला. मी शिकलेली नाही, परंतु घरचे भांडण चावडीवर नेले म्हणजे काय होते, हे कळण्यास शाळा लागत नाही. पेशव्यांच्या दरबारात कोणी पोक्त बाई सल्ल्यास असती तर तिने एवढे सांगितले असते, असे मला वाटते. कोणास राग आला तर येवो.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र माझ्या मनातून जात नाही. ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने ही लढाई लिहून ठेविली आहे. कोठार उडाले तेव्हा किल्ल्यातली माणसे, पुरुष, बायका आणि मुले मिळून हजाराच्या जवळपास, बाहेर धावली आणि सात-आठ मोठ्या होड्यांत बसून समोरच्या गोवा किल्ल्याकडे निघाली. इंग्रजांच्या गलबतांनी त्यांना मध्येच गाठून पकडले. म्हणजे किल्ल्यात बायका होत्या! आपण किल्ला म्हटला की तोफा, बुरूज आणि मिशा एवढेच डोळ्यांपुढे आणतो. तेथे कोणी दळीत होते, कोणी टाक्यावरून पाणी आणीत होते, कोणाची ओटी भरावयाची होती. त्यांतल्या एकाही बाईचे नाव त्या हकिकतीत नाही.

आणि दुसरीकडे पाहा. जेम्स पुढे विलायतेला जाऊन सर झाला आणि १७८३ साली वारला. त्याच्या बायकोने, लेडी जेम्सने, १७८४ साली लंडनजवळच्या शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर नवऱ्याच्या आठवणीसाठी त्रिकोणी मनोरा बांधला. त्या मनोऱ्याचे नाव काय? सेव्हर्नड्रूग! म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी तोंडात घोळलेला. तो मनोरा आजही उभा आहे, नीट दुरुस्त केलेला. माणसे वर चढून लंडन पाहतात. मला त्या बाईचा राग आला नाही. तिचा नवरा गेला, तिच्याजवळ पैसा होता, तिने मनोरा बांधला. मला आठवल्या त्या होडीतल्या बायका.

तेथे बसल्या बसल्या एकीने विचारले, "पळताना त्यांनी बरोबर काय घेतले असेल हो?" कोणी म्हणाली दागिने, कोणी म्हणाली देव. काकू म्हणाल्या, "पोरे उचलली असतील. दुसरे उचलावयास हात कोठे होते?" मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

मला माझी आई आठवत होती. माझे माहेर चाकणजवळचे. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, त्यांत आमचे राहते घरही हलवावे लागले. माझे लग्न झालेले होते, मी मदतीला गेले होते. टेम्पो दारात उभा, आणि आईने पहिल्यांदा काय उचलावयास सांगितले, तर जाते. त्या जात्यावर कैक वर्षांत कोणी दळले नव्हते, गिरणी गावातच होती. वडील म्हणाले, "टेम्पोत जागा नाही, ते दगड राहू दे." आई म्हणाली, "मग मला राहू द्या." जाते गेले. आज ते नव्या घराच्या जिन्याखाली आहे आणि त्यावर तुळशीची कुंडी आहे. आईला तोफा लागल्या नव्हत्या, पैसेही मिळाले होते, हे मी जाणते. तरी चोरदरवाजाच्या पायरीवर मला ते जातेच दिसत होते. आपल्यातही कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून या कारखान्यांच्या गावी आल्या आहेत. पहिली ट्रंक भरताना काय घेतले आणि काय ठेविले, ते प्रत्येकीला आठवत असेल.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. होड्या लागल्या की टोपल्यांचे ढीग वाळूवर पडतात. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी. भोवती कडे होते आणि बोली सुरू होते. बोली करणाऱ्यांत बायका किती! एकीने नुसती हनुवटी हलविली आणि सबंध ढीग तिचा झाला. आपल्यातल्या माळकरी भगिनी नाकाला पदर लावून उभ्या होत्या, पण हिशेब ऐकावयास कान मात्र उघडे होते. भाव पाडून मागण्यात मंडईत आपल्याला कोणी हरवीत नाही असे मी समजत होते. तेथे मी मुकाट्याने उभी राहिले.

ज्यांना पुढे जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. दिवाळीनंतर जावे, पावसाळ्यात होडी किल्ल्यावर जात नाही. प्यावयाचे पाणी बरोबर न्यावे आणि बाटल्या परत आणाव्यात. होडीत बसताना ते नारिंगी जाकीट घालावे, साडीवर कसे दिसेल याचा विचार करू नये. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल घालावी.

पुढच्या वर्षी अलिबागजवळची खांदेरी पाहावी असे काही जणींचे म्हणणे आहे. तोही बेटावरचा किल्ला, तोही त्या बारांतला. तेथे वेताळाचे देऊळ आहे, तेव्हा परवानगीची अडचण पडू नये. नावे मंडळाच्या वहीत लिहावयाची आहेत. वही चिटणीसबाईंकडे आहे. आता लहान मुलींचा नाच व्हावयाचा आहे, त्या केव्हाच्या नटून बसल्या आहेत. मी आपली रजा घेते.